नखाएवढं वाय-फाय

२०२२ साली दसरा झाला आणि बोरिवलीच्या कुंदाताईंच्या लॅपटॉपचं वाय-फाय बंद पडलं. लॅपटॉप जुनाच, मुलाने, मुकुलने, कॅनडाला जाताना ठेवलेला. पण वेळ काय साधली मेल्याने! रविवारी आपल्या संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडच्या सकाळी, मुकुलच्या लेकीचं बारसं. पहिली नात! सासूबाईंचा बारा कडव्यांचा पाळणा कुंदाताई इथून म्हणणार होत्या. त्या दिसल्या नाहीत, तर तिथे हजर असलेल्या विहीणबाई म्हणणार. आणि विमलाताईंचा सूर म्हणजे कुकरची तिसरी शिट्टी!

“आजी, माझ्या फोनवरून करा ना कॉल,” शेजारचा सुयोग म्हणाला.

“नातीचं बारसं उसन्या फोनवर? छे! बाहेरून लावायचं वाय-फाय मिळतं ना? मीच आणते. पन्नास वर्षं बाजार करतेय, मला कोण फसवतोय!”

दुकानदाराने दोन अ‍ॅडॅप्टर काढले. एकाला ही लांब अँटेना.

“हा घ्या आजी. रेंज झकास.”

“शिंगं कशाला रे? ते नखाएवढं दाखव. स्वस्त आहे ना?” कुंदाताईंनी ते कानाशी हलवलं, मग पातेल्यासारखं काउंटरवर ठोकून पाहिलं. “वाजत नाही!”

“आजी, वाजलं तर मोडलं समजा!”

घेतलं. पण नवी वस्तू देवापुढे न ठेवता वापरायची? १९७५ साली घरात रेडिओ आला, तेव्हा सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. तीस वर्षं वाजला! रविवारी अ‍ॅडॅप्टर देव्हाऱ्यात बसला. कुंकू, अक्षता, वर झेंडू. कुंदाताई पैठणी नेसायला गेल्या.

परत येतात तो देव्हारा लख्ख!

“अहो, इथलं वाय-फाय कुठाय?”

“फुलंच तर होती,” अनंतराव म्हणाले. “निर्माल्य खालच्या कलशात टाकून आलो.”

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात न सांगता केलेलं हे पहिलं काम!

पैठणीचा पदर खोचून कुंदाताई सोसायटीच्या निर्माल्य कलशात कोपरापर्यंत उतरल्या. सुयोग टॉर्च धरून उभा. सहा पंचवीसला, तिसऱ्या मजल्यावाल्यांनी टाकलेल्या जास्वंदीखाली, नखाएवढं वाय-फाय सापडलं. धापा टाकत सगळे वर आले. लॅपटॉपला लावलं. ढिम्म!

“आयला, वाट लागली! ओलं झालंय,” म्हणत सुयोगने लॅपटॉप उलटापालटा केला आणि थबकला. “आजी, ही कडेची पट्टी कोणी सरकवली? वाय-फायचं बटण आहे ना हे!”

कुंदाताईंना दसऱ्याची सकाळ आठवली. पूजेआधी लॅपटॉप ओल्या फडक्याने खसाखसा पुसला होता. कडांसकट.

पट्टी सरकली, टोरांटो उगवलं. विमलाताई तिसऱ्या कडव्यावर होत्या.

“थांबा!” कुंदाताई गरजल्या. बाळ दचकून रडायला लागलं. मग त्यांनी केसांत झेंडूच्या पाकळ्या घेऊन, पहिल्यापासून, हळू सुरात पाळणा धरला. चौथ्या कडव्याला नात झोपली. उरलेली आठ कडवी तरीही झाली.

आता नात आंघोळीच्या वेळी तोच पाळणा म्हणते, तोही विमलाताईंच्या सुरात. विमलाताई गेल्या वर्षी बोरिवलीला महिनाभर राहून गेल्या. दोघींचं छान जमलं, फक्त एकत्र गायल्या नाहीत. सुयोगला गोरेगावात नोकरी लागली. अनंतराव निर्माल्य आता विचारून, झटकून नेतात.

अ‍ॅडॅप्टर देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी आहे. त्याला रोज एक फूल मिळतं. कुंदाताई येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगतात, “इतकी वर्षं झाली, एकदाही बिघडलं नाही!”