खात्रीवाला सुजित

आमच्या मंगळवार पेठेत कुणी वारल्याची बातमी आली, तरी सुजित आधी जाऊन बघून येतो. मागच्या वर्षी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वरच्या बोळातल्या तात्यांना श्रद्धांजली पडली. सगळ्यांनी पटापट हात जोडले, मीही जोडले. सुजित तेवढा तात्यांच्या घरी गेला. तात्या कट्ट्यावर बसून दाढी करत होते. त्यांनी सुजितच्या मोबाईलवर फेसाळल्या तोंडानं हात जोडणाऱ्यांची नावं वाचून काढली आणि जावयाच्या नावापाशी जरा थांबले.

सुजित म्हणजे माझ्या शेजारच्या आण्णांचा मुलगा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला राज्यशास्त्र घेऊन बसलाय. नापास होणार नाही एवढा अभ्यास करतो, उरलेला वेळ बातम्यांच्या मागे. काही सांगायला जावं, तर त्याचा ठरलेला प्रश्न येतो, "काका, तुमी सोता बघिटलं काय?" एकदा मी म्हणालो, मंडईत फार गर्दी आहे. त्यानं हेच विचारलं. मी पिशवी घेऊन तिथूनच येत होतो, तरी क्षणभर मलाच शंका आली.

पन्हाळ्याच्या वाटेवर दगडावर देवीचं पाऊल उमटल्याचा व्हिडिओ फिरला, तेव्हा पेठेतल्या बायकांनी टेम्पो ठरवला. हा मोपेडवरून आधीच जाऊन आला. तालमीच्या फळ्यावर एरवी कुस्तीचं मैदान किंवा पाणी न येण्याची सूचना असते. तिथं यानं खडूनं लिहिलं, 'पाऊल नव्हे, सांडलेला रंग आहे. पण जागा झकास. जेवण बांधून न्या.' बायका गेल्याच, आणि ओटी भरूनच आल्या. येताना याला प्रसाद आणला. यानं तो कपाळाला लावून खाल्ला.

"म्हणजे देव मानतोस म्हण की," मी डिवचलं.

"मानतो की. देव कवा मेसेज पाठवत न्हाय, काका. त्येच्या नावानं तिसराच कोणतरी पाठवतोय. पुढाऱ्यांचं बी तसंच. काल टीव्हीवाला सांगत हुता, जनता पेटलीया. मी खाली उतरून बघिटलं, जनता मिसळ खात हुती."

इथवर सगळं मजेत होतं. मग फळ्यावर आण्णांची पाळी आली. आण्णांना मधुमेह आहे. त्यांनी गल्लीच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता, कारल्याचा रस प्या आणि साखरेच्या गोळ्या फेकून द्या. सुजितनं तो फळ्यावर उतरवला, पुढं 'खोटं' लिहिलं आणि खाली आण्णांचं नावही घातलं. ज्या तालमीत आण्णा तरुणपणी कुस्तीत घुमले, तिच्याच दारात पोरं त्यांना हसली. त्या दिवसापासून आण्णांनी लेकाशी बोलणं टाकलं आणि गोळ्याही टाकून दिल्या. सुजितनं फळा पुसला, माफी मागितली. उपयोग शून्य. तीन महिने एका घरात दोघं आईमार्फत बोलत होते.

परवा रविवारी सुजित माझ्याकडं आला आणि मान खाली घालून बसला.

"काका, आण्णांना एक मेसेज पाठवायचाय. तुमच्या नंबरवरनं."

मी वाचला. वर फुलं, मध्ये समई. 'हिमालयातील थोर साधूंचा संदेश. साखरेची गोळी देवापुढे ठेवून मग घेतल्यास गुण दुप्पट. डॉक्टरांनी सांगितलेली एकही चुकवू नये. अकरा जणांना पाठवा.'

"हा साधू कुठला रे?"

त्याचे कान लाल झाले. "कुठला न्हाय. मीच लिवलोय. पाया पडून सांगिटलं, ऐकत न्हाईत. गेल्या आठवड्यात चक्कर येऊन मोरीत पडलं. खरं बोलून आण्णांस्नी घालवायचं न्हाय मला."

मला हसू येत होतं, ते दाबलं. मी मेसेज पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा देवघरापुढं बसलेले मला खिडकीतून दिसले. त्यांनी गोळी देवापुढं ठेवली, हात जोडले, पाण्याबरोबर घेतली. मग चष्मा लावून, मोबाईलमध्ये एकेक नाव शोधत अकरा जणांना पाठवत बसले.

सुजित तेव्हा माझ्या ओट्यावर पेपर वाचत होता. त्याचा फोन वाजला. त्याचाच साधू, त्याचीच समई. खाली आण्णांनी एका बोटानं स्वतःचे तीन शब्द जोडले होते, 'नाष्टा केलास काय'.

पेपर आणि चपला माझ्या ओट्यावर टाकून सुजित अनवाणीच घरी पळाला.