मिरचीला गाणं झोंबलं!

"पुण्यातले गुन्हेगार दोनच माणसांना टरकून असतात. त्यातला एक मी," असं बद्रीनाथ जोगळेकर सांगत. दुसरा कोण, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. विचारायची सोय नव्हती, कारण ते मग तासभर पहिल्याबद्दलच बोलत. बँकेतून व्हीआरएस घेऊन त्यांनी नारायण पेठेतल्या घरावर पाटी लावली होती : 'खाजगी गुप्तहेर. बेल वाजवू नये. आपण आलेले आम्हांस कळते.' त्यामुळे दोन अशिलं अर्धा अर्धा तास दारात उभी राहून परत गेली होती.

त्यांचा मदतनीस म्हणजे मेव्हणा शुभंकर. हा सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. अमेरिकेतली कामं आटली आणि कंपनीनं याला घरी बसवलं. "नुसता लोळतोयस तर भावजींबरोबर जा," असं बहिणीनं फर्मावलं. नोकरी गेल्याचं दुःख त्याला तेव्हा खऱ्या अर्थानं झालं.

त्या शनिवारी सकाळी दोघं हडपसरला रामदास वानखेड्यांच्या फ्लॅटवर पोचले. वानखेडे कारखान्यातून रिटायर झाले आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी पेटी घेतली. तेव्हापासून ते रोज पहाटे गात.

"पेपरात आलं होतं, संगीत ऐकून झाडं जोमानं वाढतात," खिशातलं कात्रण उलगडत ते म्हणाले. "म्हणून गॅलरीत मिरचीची दोन रोपं लावली. माती तीच, पाणी मापानं, ऊन सारखं. एकाशेजारी बसून मी रोज तासभर गायलो. दुसऱ्याला काही ऐकू येऊ नये म्हणून तिकडच्या गॅलरीत ठेवलं."

शुभंकरनं दोन्ही रोपं पाहिली. न ऐकणारं हिरवंगार होतं, मिरच्यांनी लगडलेलं. ऐकणारं पार वाळून गेलं होतं.

"उद्या ज्येष्ठ नागरिक संघ हे बघायला येतोय," वानखेडे पडेल आवाजात म्हणाले. "मीच बोलावलंय हो. स्नेहसंमेलनात माझं गाणं ठरलंय. आमचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणतात, झाड वाळलं असेल तर वानखेड्यांचं नाव कापा, आपल्याकडे हार्ट पेशंट आहेत."

"घातपात!" बद्रीनाथ भिंग काढत म्हणाले. "हे आप्पासाहेब राहतात कुठे?"

"वाघोलीला. गुडघे बदललेत. लिफ्ट बंद आहे आणि आमचा चौथा मजला."

"मग मोबाइलचा टॉवर. लहरी, शुभंकर, लहरी!"

"भावजी, टॉवर हिरव्या रोपाच्या बाजूला आहे."

"म्हणजे लहरींनी ते वाढलं. लिहून घे."

शुभंकरनं लिहून घेतलं. कंपनीत असताना मॅनेजरचंही तो असंच लिहून घेई.

शेवटी बद्रीनाथ कुंडीपाशी उकिडवे बसले. चिमूटभर माती उचलून त्यांनी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"खारट," ते गंभीरपणे म्हणाले. "वानखेडे, मन घट्ट करा. हे अश्रू आहेत. तुमचं गाणं ऐकून झाड रडलंय. रडून रडून गेलं बिचारं. गुन्हेगार पेटीवर बसलेला आहे."

वानखेडे मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे आप्पासाहेबांचं खरं," ते म्हणाले. "कळवतो त्यांना. पेटीही देऊन टाकतो कुणाला तरी." त्यांचे डोळे भरून आले होते. शुभंकरला फार वाईट वाटलं.

कांदे चिरता चिरता ललिताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नवऱ्याचं तोंड त्यांना बघवेना.

"अहो, गाण्याआधी रोज मिठाच्या गुळण्या करता ना तुम्ही?"

"गळ्यासाठी. त्याचं काय?"

"त्या टाकता कुठे?"

वानखेड्यांनी कुंडीकडे पाहिलं. शुभंकरनं पाहिलं. मग जीभ बाहेर काढून बद्रीनाथांनीही पाहिलं.

"तूच म्हणालीस बेसिनमध्ये टाकू नका!"

"भांड्यांवर उडतं म्हणून. मोरीत टाकायच्या. रोज तांब्याभर मीठपाणी प्यायल्यावर कुठलं रोप जगेल?"

बद्रीनाथ आतल्या मोरीत धावले. आतून खळाखळा आवाज येऊ लागला. बऱ्याच वेळानं तिथूनच ते म्हणाले, "माझा संशय पहिल्यापासून मिठावरच होता."

वानखेडे उठून उभे राहिले. "पण ललिता, आप्पासाहेबांना पटेल का? ते म्हणतील मीठही होतं आणि गाणंही होतं. गाण्यानं गेलं नाही याला पुरावा काय?"

ललिताबाईंनी पदराला हात पुसले.

"मी आहे की. त्या झाडानं दीड महिना ऐकलं, मी दोन वर्षं ऐकतेय. गाण्यानं जायचं असतं तर आधी मी गेले नसते?"

वानखेड्यांचा चेहरा उजळला. हातातलं कात्रण त्यांनी नीट घडी घालून खिशात ठेवलं.

"उद्या मी त्यांना गाऊनही दाखवणार आहे. हे सगळ्यांसमोर सांगशील?"

"सांगीन," त्या म्हणाल्या. "पण तुमचं गाणं सुरू व्हायच्या आधी सांगीन. नंतर कुणाला पटायचं नाही."