हात दाखवा, सर

आमच्या मेश्राम सिस्टरांना नमस्कार केला, की त्या उलट नमस्कार करत नाहीत. आपले जोडलेले हात धरून हुंगतात. स्पिरिटचा वास आला तर ठीक. नाहीतर, "जा, धुऊन या सर."

यवतमाळच्या एका दवाखान्यात मी बाळंतपणाचा डॉक्टर आहे. माझ्या नावापुढे पदव्यांची एवढी शेपटी, की पाटी दोनदा करावी लागली. सिस्टरांना त्याचं काही नाही. राउंडला मी पुढे आणि हातावर चोळायच्या औषधाची बाटली घेऊन त्या मागे, अशी आमची वरात निघते. "जंतू पायानं चालत नाई येत सर," त्या म्हणतात, "आपुनच त्याइले फिरवून राह्यलो."

एकदा त्यांनी सगळ्या डॉक्टरांचे मोबाईल कापसाच्या बोळ्यानं पुसून बोळे लॅबला पाठवले. सर्वांत भरघोस पीक माझ्या मोबाईलवर आलं. मी लॅबलाच दोष दिला आणि पूर्वीसारखाच वागत राहिलो.

मग पांढरकवड्याकडची सुनंदा आली. सिझेरियन झालं, मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी सिस्टर रजेवर होत्या आणि मी घाईत. शेजारच्या खाटेवरच्या बाईची पू झालेली जखम पाहिली, तेवढ्यात फोन वाजला, आणि बोलता बोलताच मी सुनंदाची पट्टी उघडली. दोन दिवसांनी तिला ताप आला, टाके पिकले. दोघींच्या जखमेत एकच जंतू निघाला, तोही नेहमीच्या औषधांना न जुमानणारा.

सिस्टरांनी रिपोर्ट वाचला. त्या झापतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. त्या एवढंच म्हणाल्या, की हे तिला तुम्हीच सांगा.

मी सांगितलं. पदव्या काही मदतीला आल्या नाहीत. सुनंदानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माह्या लेकीले तं काई होनार नाई नं?"

लेकीला काही झालं नाही. सुनंदाला मात्र तीन आठवडे खाटेवर काढावे लागले. सिस्टर सुटीच्या दिवशीही येऊन तिची पट्टी बदलत. मी तर आता इतके हात धुतो, की घरी बायकोनं कणीक मळायचं काम माझ्याकडे दिलंय.

घरी जायच्या दिवशी सुनंदानं मुलगी सिस्टरांपुढे धरली. सिस्टर दोन पावलं मागे सरल्या. नको म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच बोलल्या, "नोकरीच्या पयल्या वर्षी माह्या हातानं एक लेकरू गेलं सर. मी हात धुतले नोते. कोनी मले काई बोललंही नाई. तवापासून कामाशिवाय मी लेकरू घेत नाई."

सुनंदानं ते ऐकलं होतं. तिनं मुलगी सिस्टरांच्या हातांवर ठेवली आणि पिशवी आवरायला पाठ फिरवली.

सिस्टर श्वास रोखून उभ्या होत्या. पिशवीत आवरण्यासारखं फारसं काही नव्हतं. तरी सुनंदानं बराच वेळ लावला.