आपल्याच शेतावरील छाप्याची व ओनोरेचे सोयरिकीची हकीकत

श्री. आरंभीं त्या भूमिगत दैवतास दंडवत, जें चिखलांत वाढतें आणि राजास जुमानीत नाहीं. आयर्लंड बेटीं, मन्स्टर प्रांतीं, डोंगरतळीं आमचा गांव. गहूं जमीनदाराचे खंडास जातो, लोणी कॉर्कचे पेठेस जातें, आणि रयतेचे पोटास सकाळीं, दुपारीं, सांजेस बटाटा व ताक. याविरहित दुसरा मुदपाक आम्हांस ठाऊक नाहीं. ऐसिया गांवीं शके सोळाशें पंचाण्णवांत जें रण माजलें, तें मागाहून कोणी थाप म्हणूं नये म्हणोन यथास्थित लिहितों.

गांवचा कायदा ऐसा कीं, जुलईचा शेवटला रविवार येईतों नवे पिकास हात लावूं नये. जो लावील तो उधळ्या, त्याचे घरीं वर्षाचा बंदोबस्त नाहीं, आणि त्याची लेक कोण करितो? तो रविवार तोंडावर आला असतां डोंगरापलीकडील मेवबाईंचा निरोप आला कीं, कॉर्मकराव व गोबनेतबाई यांची कन्या ओनोरा आमचे लेकाच्या, फेलिमच्या मनांत भरली आहे, तरी उद्यां सांजेस जेवावयास येतों, घर पाहूं, मग बोलूं. ओनोरेचा जीव तर मागील जत्रेपासोन फेलिमवर जडला होता. निरोप ऐकोन पोरीचें अन्न तुटलें, आणि घरांत अन्न होतें तरी कोठें?

गोबनेतबाईंनीं साठ्याचा खड्डा पाहिला. तळाशीं माती, आणि कोंब फुटलेला एक म्हातारा बटाटा. टोपली रिकामी मांडावी तर सोयरीक बुडाली, नवा बटाटा काढावा तर अब्रू बुडाली. इकडे आड, तिकडे विहीर. मग बाईंनीं मसलत करोन हुकूम फर्माविला कीं, उद्यां सारा गांव दलदलीवर जळणाची माती कापावयास गेला म्हणजे भरदुपारीं आपलेच शेतावर छापा घालावा. कुदळ वर्ज्य, झाड जागचें हालूं नये, आणि बगलेनें हात घालोन बटाटा तेवढा कैद करावा.

"अगं, शेत आपलं, बटाटे आपले," कॉर्मकराव म्हणाले, "आणि चोरासारखं रांगायचं मी?"

"रांगा," बाई म्हणाल्या. "चालत गेलात तर टोपी दिसते."

मग खासा स्वारी पोटावर कूच करोन वाफ्यांत शिरली, आणि दाढी चिखलानें भरली, आणि एकेक असामी ओढोन टोपींत जेर केला. परंतु विजयाचे भरीं सरदार अधीर जाहले, आणि एक झाड मुळांसकट हातीं आलें. तें तैसेंच पुन्हां रोविलें, थापटलें, आणि त्यास चार शब्द दमाचे सांगोन स्वारी माघारी आली.

सांजेस मेवबाई दाखल जाहल्या. तोंवर त्या झाडानें मान टाकिली होती, आणि तें दारांतून नेमकें दिसे. म्हणोन गोबनेतबाईंनीं पाहुणीस दाराकडे पाठ करोन बसविलें, आणि ओनोरेस दारांत उभें केलें, आणि पोर परकर पसरोन बुरुजासारखी उभी राहिली. मग वाफाळते बटाटे टोपलींत घालोन मध्यें ठेविले.

येथें मसलत फसली. आमचे मुलुखीं बायकापुरुष आंगठ्याचें नख राखितात, तें बटाटा सोलावयाचें हत्यार. आणि मेवबाईंचें नख पंचक्रोशींत नामांकित. जुने बटाट्यास नख रोवावें लागतें. बाईंनीं नख टेकिलें मात्र, तों साल आपेआप निसटलें. बाई थांबल्या. त्यांनीं बटाट्याकडे पाहिलें, मग कॉर्मकरावांचे दाढींतील चिखलाकडे पाहिलें.

"नवा दिसतोय," मेवबाई म्हणाल्या.

"आमच्या डुकरानं उकरले हो," गोबनेतबाई म्हणाल्या. "मेलं कुणाचं ऐकतच नाही."

डुक्कर चुलीपाशीं घोरत होतें, आणि त्याचे नाकास मातीचा कण नव्हता. मेवबाईंनीं त्याजकडे बराच वेळ पाहिलें. मग तें साल उचलोन तोंडांत टाकिलें, त्यामागें बटाटा टाकिला, आणि दुसऱ्यास हात घातला.

"सगळ्यांनी सालासकट खा," त्या म्हणाल्या. "उकिरड्यावर एक साल दिसता कामा नये. आणि विहीणबाई, मीठ द्या इकडं. आमचं डुक्कर तर मंगळवारीच सुटलं."

विहीणबाई हा शब्द कानीं पडतांच ओनोरा दार सोडोन आईचे गळां पडली, आणि कॉर्मकराव नाक शिंकरीत बाहेर गेले, आणि सोयरीक पक्की होवोन ईस्टरपूर्वींचे चाळीस दिवसांचे उपासाआधीं लग्न करावें ऐसें ठरलें. मग रविवारीं दोन्ही घराणीं गांवासमक्ष शेतांत उतरलीं, आणि पहिली कुदळ मारोन, नवा बटाटा जन्मांत प्रथमच पाहिला ऐसें नवल केलें. शेजारीपाजारीही आपापले शेतांत तितकेंच नवल करीत होते, आणि भुकेला त्यांत एकही दिसेना.

ऐसी फत्ते जाहली. त्या सालीं आमचे गांवांत उधळ्या माणूस एक निघाला नाहीं. डुकरें मात्र यच्चयावत् बदनाम जाहलीं. हें खरें म्हणोन नमूद केलें असे.