विनापरवानगी धुतलेला इलेक्ट्रोड

सोलापूरच्या आमच्या महाविद्यालयात चंद्रिका या संशोधक विद्यार्थिनीने तीन वर्षे एकच काम निष्ठेने केले. पोलादी भांड्यात कार्बन डायऑक्साइड इतका दाबायचा की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. मग त्यात केसाएवढी प्लॅटिनमची तार, म्हणजे इलेक्ट्रोड, ठेवून वीज किती वाहते ते मोजायचे. त्यासाठी एकतीस अंशांच्या वर तापमान लागते. ते सोलापूर विनाअर्ज पुरवते. वीज मात्र वाहत नव्हती. आलेखात रेषा आडवीच येई आणि चंद्रिका प्रामाणिकपणे ‘शून्य’ लिही. पुढच्या सहामाही अहवालातही शून्य आले तर पीएचडीची नोंदणी रद्द, असे तिला लेखी कळवण्यात आले. मार्गदर्शक या नात्याने ते पत्र मीच लिहिले. वाईट वाटले, पण जावक क्रमांक पडला होता.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतले शिपाई सिद्धप्पा यांनी दरवर्षीप्रमाणे यंत्रांची पूजा केली. दसऱ्यानंतर चंद्रिकाने भांडे बंद करून दाब चढवला, आणि आडव्या रेषेतून एक देखणे शिखर वर आले. प्राचार्य अवधूत सरांनी पेढे वाटले. मूल्यांकन समिती यायची होती, म्हणून शिखराचा फलक प्रवेशद्वारावर लागला.

चंद्रिकाला मात्र चैन पडेना. तिने सिद्धप्पांना गाठले.

“मामा, तारेला हात लावला होता का?”

“हात न्हाय वो म्याडम, हळद लावली की. सगळ्या यंत्रांस्नी लावली, तिलाच कसं वगळायचं? बारीक हाय म्हणून काय झालं?”

तिने तार धुतली. रेषा पुन्हा आडवी. शिखर हळदीचे होते, असे तिने कळवले.

“कुणाला विचारून धुतलीस?” प्राचार्य कडाडले.

“सर, धुतल्याशिवाय खरं कसं कळणार?”

“खरं ठरवायला समिती येतेय ना!”

विनापरवानगी शिखर नष्ट केल्याबद्दल तिला कारणे दाखवा नोटीस गेली. सिद्धप्पांना ‘पृष्ठभाग सल्लागार’ नेमले. प्रत्येक मोजमापाआधी एक चिमूट हळद अनिवार्य झाली आणि चिमटीचे माप ठरवायला उपसमिती बसली. मूल्यांकन समितीने विचारले, “शिखर अजून उंच होईल?”

“हळद वाढवली की व्हतंय,” सिद्धप्पा म्हणाले. समितीने नोंदवले : ‘विस्तारास भरपूर वाव.’

सहामाही अहवालाच्या दिवशी मी चंद्रिकाला विनवले, “एकच चिमूट. तीन वर्षांचं चीज होईल.”

“सर, तीन वर्षांत शून्य तेवढं खरं आलंय. ते कसं खोडू?”

नोंदणी रद्द झाली. मला स्वतःची खरोखर लाज वाटली. अहवालात लाजेसाठी रकाना नव्हता.

जूनमध्ये तुम्ही मुलीच्या प्रवेशासाठी बार्शीहून आलात. मी मुद्दाम दोन्ही आलेख तुमच्यासमोर ठेवले. आडवी रेषाही आणि शिखरही. दोन वेगळे का, एवढे तरी विचाराल म्हणून थांबलो. तुम्ही शिखरावर बोट ठेवून विचारलेत, “दुसऱ्या कॉलेजचं याहून उंच आहे म्हणे?”

मी सिद्धप्पांना हाक मारली.