टाकणखाराच्या तीन पुड्या

गेल्या वर्षी पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपकारस्तुतीच्या सणाला हन्नाबाईंनी चर्चच्या देवळात वाहिलेला फ्लॉवर पाळकबाईंनी कापला, तर दांडा पोकळ आणि आत तपकिरी डाग. पाळकबाई काही बोलल्या नाहीत. तेच हन्नाबाईंना लागलं.

यंदा त्यांनी नवऱ्याच्या भाच्याला, शेतकी कॉलेजातून नुकत्याच पास झालेल्या दानीएलला, वाफे दाखवले.

"रोग नाही, मामी. जमिनीत बोरॉन कमी आहे. चार वाफ्यांना मिळून पन्नास ग्रॅम टाकणखार पाण्यात विरघळवून द्या. एकदाच. जास्त झाला तर पानं करपतात."

शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यानं, शांतवननं मान हलवली, त्याच्या आईनं, मरियाबाईंनीही हलवली.

हन्नाबाईंना वाटलं, ह्यांच्या लक्षात राहायचं नाही. शांतवनला वाटलं, ती बिचारी किती करील. मरियाबाईंना वाटलं, सुनेला कधी तरी आयतं मिळू दे. तिघंही गुपचूप एकाच दुकानात गेली.

"आजी, टाकणखार लावाया घरात समद्यांचंच तोंड आलंय का?" तिसरी पुडी बांधताना दुकानदारानं विचारलं.

"आमची तोंडं बरी हायती. तू पुडी बांध."

दहा दिवसांत पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या. दानीएल वाफ्यात वाकला.

"मामी, किती दिलं?"

"पन्नास. मोजून."

"मीबी पन्नासच दिलं," शांतवन खाली बघत म्हणाला.

"तुमाला कुनी सांगितलं हुतं?"

"तुला तरास नको म्हनून."

"मंग दीडशे झालं," मरियाबाई शांतपणे म्हणाल्या.

हन्नाबाई बांधावर बसल्या. "यंदा रिकाम्या हातानं देवळात जायचं," एवढंच म्हणाल्या.

बोरॉन पाण्याबरोबर खाली उतरतं, हे दानीएलला ठाऊक होतं. पण एका हौदानं भागणार नव्हतं, आणि तीन हौद सोडा म्हटलं असतं तर नऊ सुटले असते. त्यानं थोडा विचार केला आणि तिघांना वेगवेगळं गाठलं. मामीला उद्याचा दिवस दिला, मामाला परवाचा, आजीला तेरवाचा.

"एकच हौद सोडा. त्या दोघांना सांगू नका, दमलेत."

सणाच्या प्रीतिभोजनाला पाळकबाईंनी फ्लॉवर कापला. दांडा भरीव, आत पांढराशुभ्र.

"हन्नाबाई, काय केलंत याला?"

"काय न्हाई," हन्नाबाई लाजून हळूच म्हणाल्या. "घरची दमली हुती. म्हनून मी एकटीनंच एक हौद पानी दिलं."

पंगतीत बसलेल्या शांतवनची आणि मरियाबाईंची मान एकदमच वर झाली. दानीएल खाली बघून भात कालवत राहिला.