आत्याच्या निळ्या रंगाचं सरकारी संरक्षण

कुठलंही गुपित चोरीला जाऊ नये असं वाटत असेल, तर ते आधीच सगळ्यांना सांगून टाकावं. पारंपरिक ज्ञान संरक्षण कार्यालय नेमकं याच तत्त्वावर चालतं. आजवर कार्यालयाने एकशे बारा परंपरा सुरक्षित केल्या. त्यातल्या एकशे अकरा आता कुठल्याही दुकानात मिळतात, म्हणजे हरवायची भीतीच संपली (उरलेली एक छपाईला गेलीय).

या कार्यालयातल्या सगळ्यात धाकट्या अधिकाऱ्याच्या आत्याकडे एक निळा रंग होता. तिच्या गल्लीतल्या बायका तो पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या होत्या. कापड फाटायचं, पण रंग हलायचा नाही. एका कारखान्याची या रंगावर नजर होती. त्याने तो उचलला तर गल्लीतल्या चुली थंड पडणार, या विचाराने भाच्याला झोप येईना. म्हणून तो प्रश्नावली घेऊन आत्याकडे गेला.

आत्याने चहा केला आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. झाडाची साल किती उकळायची, राखेचं पाणी कधी घालायचं, कापड कुठे वाळवायचं. सगळं. भाच्याचे डोळे भरून आले.

मग नियमाप्रमाणे ती कृती जाहीर झाली, 'कोणी चोरू नये' या ठळक सूचनेसह. कारखान्याने सूचना वाचली आणि खालची कृतीही वाचली. महिनाभरात निळे शर्ट बाजारात आले. पहिल्या धुण्यात बादल्या निळ्या झाल्या, टॉवेल निळे झाले आणि एका लग्नात घामाने नवरदेव निळा झाला. कारखान्याने तक्रार केली की संरक्षित परंपरा सदोष आहे.

भाचा धापा टाकत आत्याकडे आला.

"आत्या, त्यांचा रंग जातोय!"

"जाणारच की."

"म्हणजे तू मला खोटं सांगितलंस?"

"खोटं कशाला? आमच्यात विचारणाऱ्याची कृती वेगळी, करणाऱ्याची वेगळी. तू विचारलंस, मी विचारणाऱ्याची सांगितली."

"अगं, पण मी तुझा सख्खा भाचा!"

"म्हणून तर चहा पाजला. परक्याला नुसतीच सांगते." आत्याने हंडा ढवळला. "मी नवी नवरी होते तेव्हा सासूबाईंना विचारलं. वर्षभर माझ्या हातून सगळं विटलं. मग तोंडाला कुलूप लावून त्यांच्या शेजारी उभी राहिले, तेव्हा कुठे दिसायला लागलं. आता बडबड पुरे, ती काठी धर."

भाच्याने हे सगळं वरिष्ठांना कळवलं. कार्यालय चुका करत नाही, त्यामुळे चूक आत्याकडेच असणार हे उघड होतं. तीन बैठकांनंतर निर्णय झाला: अधिकृत कृतीचा रंग जातो, आत्याचा जात नाही, अर्थात आत्याचा रंग परंपरेला धरून नाही. यापुढे तिने आपल्या कापडावर 'नक्कल' असा शिक्का मारावा.

हा आदेश भाच्यालाच नेऊन द्यावा लागला. त्याची मान वर होईना.

"शिक्का कुठल्या रंगात मारू?" आत्याने विचारलं. "आपल्याच मारते. टिकेल तरी."

आता गिऱ्हाईक आधी शिक्का बघतं आणि मगच कापड घेतं. अस्सल माल कारखान्याच्या गोदामात पडून आहे. भाचा सुट्टीच्या दिवशी हंड्यापाशी गप्प उभा राहतो. मागच्या आठवड्यात त्याच्या तोंडून चुकून "असं का?" निघालं. आत्याने प्रेमाने, सविस्तर उत्तर दिलं, आणि त्याचं अख्खं कापड विटलं.

एवढं वाचल्यावर तुम्हाला खरी कृती काय, असा प्रश्न पडलाच असेल. अजिबात संकोच करू नका, सरळ जाऊन आत्याला विचारा. ती कुणालाच नाही म्हणत नाही.